गाठ ‘कोल्ड’ आहे, म्हणजे नेमकं काय?

मध्यंतरी एक बाई माझ्याकडे आल्या. हातात थायरॉईड स्कॅनचा रिपोर्ट, डोळे रडून सुजलेले. रिपोर्टमधले दोनच शब्द त्यांनी वाचले होते, ‘कोल्ड नोड्यूल’. पुढचं घाबरवण्याचं काम मोबाईलनं केलं होतं.

थायरॉईड रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून हार्मोन बनवते. स्कॅनमध्ये आम्ही ही ओढ बघतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यासाठी शिरेतून टेक्नेशियम-९९एम देतात. ग्रंथी त्यालाही आयोडीनसारखीच आत घेते. वीसेक मिनिटांनी गॅमा कॅमेऱ्याखाली मान मागे टाकून पडून राहायचं, एवढंच. दर ६ तासांनी त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो.

गाठ आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त ओढत असेल तर ती ‘हॉट’, कमी ओढत असेल तर ‘कोल्ड’. हॉट गाठीत कर्करोग फार क्वचित सापडतो. कोल्डमध्ये शक्यता त्याहून जास्त, हे खरं. पण थायरॉईडच्या बहुतेक गाठी कोल्डच असतात, आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी! मग त्या एका शब्दावरून रडायचं कशाला?

स्कॅनचा खरा उपयोग टीएसएच कमी असेल तेव्हा. टीएसएच कमी म्हणजे मेंदूजवळची पिट्युटरी सांगते आहे, ‘हार्मोन पुरे झालं.’ तरी ते बनतंय, तर गाठच बनवते आहे का? गाठ हॉट निघाली तर उत्तर मिळालं, सुई सहसा टळते. टीएसएच नॉर्मल किंवा जास्त असेल तर सोनोग्राफी करायची आणि गाठीचं रूप, आकार पाहून गरज वाटली तर एफएनएसी. स्कॅन नाही. (हे सांगून मी माझ्याच विभागाचं गिऱ्हाईक कमी करतोय, पण असू दे.)

स्कॅन ठरलाच तर गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, ते आधी सांगा. नुकताच कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला असेल तर तेही. त्यात आयोडीन असतं, त्यानं काही आठवडे चित्र फसतं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका.

त्या बाईंचा टीएसएच नॉर्मल होता. मी त्यांना सोनोग्राफीला पाठवलं, मग सुई झाली. गाठ साधी निघाली. आता वर्षातून एकदा तपासून घेतात.