आधी तिथी, मग तिकीट

मी बडोद्याला राहतो. समुद्राचे फोटो काढायचे म्हटलं की रात्रभराचा प्रवास आणि दोन दिवसांची रजा, असं आमचं गणित. ऐकणाऱ्यांत इंदूर, हैदराबाद, दिल्लीकडची मंडळी आहेत, त्यांचंही वेगळं नसणार. किनाऱ्यावर राहणारा माणूस आज जमलं नाही तर उद्या पुन्हा जातो. आपल्याला तो उद्या नसतो. म्हणून आज कॅमेऱ्यापेक्षा तारखेबद्दल जास्त बोलणार आहे.

सूर्यास्त किती वाजता, एवढं सगळेच बघतात. त्या वेळी पाणी कुठे असेल, हे फार थोडे बघतात. आणि फोटो कसा येणार हे निम्मं तिथेच ठरतं. ओहोटी असेल तर ओली वाळू, उघडे खडक, त्यांच्या खळग्यांत साचलेलं आकाश. भरती असेल तर खडकावर आपटणारी लाट. जागा तीच, सूर्य तोच, चित्र मात्र पूर्ण वेगळं.

आता हे आधी कसं कळायचं? कोकणातले जुने लोक एक हिशोब करतात. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. ज्यांनी लहानपणी पाऊणकी पाठ केली त्यांना हे तोंडी जमेल. चतुर्थीला भरती तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशोब सारखाच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. यामागे गूढ काही नाही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्याबरोबर सरकते. हिशोब मुंबई-कोकणापुरता आहे आणि अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमेला तो सव्वाअकरा सांगतो, मुंबईत प्रत्यक्ष भरती बाराच्या आसपास असते. दक्षिणेकडे जाल तशी ती थोडी आधी येते.

आता यातली गंमत बघा. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणजे कोकणात वर्षातली सगळ्यांत मोठी, उधाणाची ओहोटी नेमकी सकाळ-संध्याकाळच्या उजेडात सापडते. अष्टमीला उलटं. भरती सहाला, तीही भांगाची, म्हणजे बेताची. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब हवं असेल तर पौर्णिमा-अमावास्या धरा, लाटांचे फवारे हवे असतील तर अष्टमीच्या आसपास जा. एवढं कळलं की रेल्वेचं आरक्षण महिनाभर आधी करायला हरकत नाही.

दिवाळीचंच घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येला. म्हणजे त्या संध्याकाळी आणि पाडव्याला सूर्यास्ताच्या सुमारास पाणी मागे गेलेलं असणार. भाऊबीज आटोपून निघालात तर पूर्ण ओहोटी अंधारात जाते. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो, तेव्हा पौर्णिमेपेक्षा प्रतिपदा बरी.

माझी सगळ्यांत आवडती वेळ मात्र पौर्णिमेची पहाट, आणि ती बहुतेक जण झोपेत घालवतात. पश्चिम किनाऱ्यावर सूर्योदय समुद्रात दिसत नाही, म्हणून कुणी उठत नाही. पण त्या सकाळी समोर अरबी समुद्रावर पूर्ण चंद्र मावळत असतो, मागून कोवळा उजेड खडकांवर पडतो आणि पाणी दूर गेलेलं असतं. हे तिन्ही एका वेळी मिळतं. चेन्नई, पुरी, विशाखापट्टणमकडच्यांनी हेच उलटं करावं. पौर्णिमेच्या संध्याकाळी तिथे चंद्र समुद्रातून वर येतो. तिकडे भरतीच्या वेळेला आपली पाऊणकी चालत नाही, तिथलं वेळापत्रकच बघावं लागतं. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापते, आणि मोबाइलवरही ती मिळतात. पक्कं ठरवताना कोकणातही तीच बघायची. तिथीचा उपयोग महिना निवडायला, कोष्टकाचा उपयोग घड्याळ लावायला.

जागेप्रमाणे पाण्याचा पल्लाही बदलतो. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. कन्याकुमारी, कोची भागात सगळा फरक मीटरभराचा, तिथे ओहोटीसाठी तारीख जुळवत बसू नका, ढग बघा. आमच्या गुजरातेत भावनगरजवळ हा फरक दहा मीटरपर्यंत जातो. तिथलं कोळियाकचं निष्कलंक महादेवाचं देऊळ भरतीला पाण्यात जातं आणि ओहोटीला लोक चालत जातात. ओडिशात चांदीपूरला समुद्र काही किलोमीटर मागे सरतो.

आता जरा सावकाश ऐका, कारण इथे जिवाशी खेळ आहे. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. चार मीटरचा पल्ला असेल तर पहिल्या तासात फूटभर आणि तिसऱ्या तासात एकदम मीटरभर. म्हणजे सहाच्या ओहोटीला तुम्ही निळ्या उजेडासाठी थांबलात, तर सातपर्यंत वाटतं काही होत नाही. आठनंतर पाणी धावतं, आणि अंधार असतो. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवरचे खडक फोटोला अप्रतिम आहेत, वाऱ्या-लाटांनी जाळी पडलेले. पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथे मी ओहोटीच्या दोन तास आधी उतरतो आणि सूर्य बुडाला की पायऱ्यांकडे वळतो. निळा उजेड वरून टिपतो. चांदीपूरसारख्या सपाट जागी तर फूटभर चढ म्हणजे पाणी शेकडो मीटर पुढे आलं.

कोष्टकात लाटांची उंची नसते, हेही ध्यानात घ्या. दूर दक्षिण महासागरात वादळ झालं की इथे वारा नसताना उंच लाटा येतात. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचे इशारे देते. निघायच्या दिवशी सकाळी तेवढं बघायचं. इशारा असेल तर खडकावर जायचं नाही, तिकिटाला कितीही पैसे पडलेले असोत. शिवाय गावातल्या कोळ्याला विचारायचं. तो नको म्हणाला तर नको.

पोहोचायचं नेहमी उतरत्या पाण्यावर. पाणी मागे सरताना वाळू धुतलेली असते, पावलांचे ठसे नसतात, आणि तुमच्यासमोर रोज नवा खडक उघडा पडतो. ट्रायपॉड ओल्या वाळूत खचतो, म्हणून पाय आधी दाबून रोवा. परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्यात तर पाव ते अर्धा सेकंद पुरतो, मिनिटभर शटर उघडं ठेवून समुद्राचं धुकं करायची फॅशन मला आवडत नाही. पोलरायझर लावलात तर फिरवताना नजर ठेवा. ज्या प्रतिबिंबासाठी आपण तिथी बघून आलो, तेच तो पुसून टाकतो. आणि परतल्यावर चहाच्या आधी ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवा.