माजी सैनिकाची औषधांची पिशवी

(व्याख्यानाचे शब्दांकन)



सैनिक सीमेवरून सुखरूप परततो, तेव्हा वेशीवर त्याचे औक्षण होते. तो धारातीर्थी पडला, तर चौकात त्याचे स्मारक उभे राहते. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. परंतु या दोन प्रसंगांव्यतिरिक्त सैनिकाचे एक दीर्घ आयुष्य असते. गणवेश उतरल्यानंतरची ती तीस-चाळीस वर्षे असतात. गुडघे कुरकुरू लागतात, रक्तदाब वाढतो, रक्तातील साखर वाढते आणि मध्यरात्री झोपेत जुना गोळीबार पुन्हा ऐकू येतो. त्या वर्षांत त्याच्या शेजारी कोण बसते, यावर राष्ट्राच्या कृतज्ञतेची कसोटी लागते. आजचे विवेचन त्या कसोटीतील एका अप्रसिद्ध सेवकाविषयी आहे. तो म्हणजे अमेरिकेत माजी सैनिकांच्या प्राथमिक आरोग्यसेवेत काम करणारा क्लिनिकल फार्मासिस्ट.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आले असता, ४ मार्च १८६५ रोजी, अब्राहम लिंकन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली. युद्धाचा भार ज्याने वाहिला त्याची, त्याच्या विधवेची आणि अनाथ मुलांची काळजी घेणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे, हा विचार त्यांनी त्या भाषणात मांडला. पुढे १९३० साली माजी सैनिकांसाठी स्वतंत्र प्रशासन स्थापन झाले आणि १९८९ साली त्याला मंत्रिमंडळस्तरीय खात्याचा दर्जा मिळाला. आज सुमारे ९० लाख माजी सैनिक या खात्याच्या आरोग्यसेवेत नोंदलेले आहेत आणि देशभर तिची तेराशेच्या आसपास रुग्णालये व दवाखाने आहेत.

फार्मासिस्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काऊंटरमागे उभा राहून चिठ्ठी वाचणारा आणि गोळ्यांची पट्टी कापून देणारा माणूस येतो. या खात्यातील क्लिनिकल फार्मासिस्टचे काम त्याहून निराळे आहे. तेथे बाह्यरुग्णांची जवळजवळ ८० टक्के औषधे यांत्रिक केंद्रांतून भरली जाऊन टपालाने थेट घरी पोहोचतात. गोळ्या मोजण्याच्या कामातून मोकळा झालेला हा तज्ज्ञ रुग्णासमोर खुर्ची ओढून बसतो. डॉक्टर निदान करतात. त्यानंतर औषध लागू पडते की नाही हे पाहणे, मात्रा वाढविणे किंवा घटविणे, रक्ततपासणी सांगणे, नवे औषध सुरू करणे व नको असलेले थांबविणे हे सर्व तो ठरवून दिलेल्या अधिकारमर्यादेत स्वतः करतो. हा अधिकार खात्याने १९९५ साली नियमबद्ध केला. त्यासाठी किमान सहा वर्षांचे औषधशास्त्राचे शिक्षण आणि बहुधा त्यानंतर एक-दोन वर्षे रुग्णालयातील उमेदवारी करावी लागते.

२०१० पासून खात्याने प्राथमिक सेवेसाठी छोटी पथके बांधली. एक डॉक्टर, एक परिचारिका, एक साहाय्यक आणि एक कारकून अशा पथकाकडे साधारण बाराशे सैनिक सोपविले जातात. अशा तीन पथकांमागे एक क्लिनिकल फार्मासिस्ट असावा, अशी मूळ रचना आहे. दिवसाच्या प्रारंभी पथक काही मिनिटे एकत्र येते. कोणाची साखर आटोक्यात नाही, कोणाच्या मूत्रपिंडाचे कार्य मंदावले आहे, याची यादी संगणकावर असते. रुग्ण येण्याची वाट न पाहता फार्मासिस्ट त्यालाच दूरध्वनी करतो. काम आजार बळावण्यापूर्वीच सुरू होते.

आपल्या परंपरेला ही कल्पना अगदीच परकी नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. यांपैकी वैद्य, परिचारक आणि रुग्ण बोलू शकतात. द्रव्य म्हणजे औषध मात्र मुके आहे. ते शरीरात गेल्यावर काय करते, दुसऱ्या औषधाशी कसे भांडते, हे त्याच्या वतीने कोणीतरी सांगावे लागते. क्लिनिकल फार्मासिस्ट हा त्या मुक्या पादाचा प्रवक्ता आहे.

त्याचे काम कसे चालते, हे एका प्रातिनिधिक उदाहरणावरून ध्यानात येईल. व्हिएतनाममध्ये लढलेला, पंचाहत्तरी ओलांडलेला एक सैनिक डोळ्यांसमोर आणा. अमेरिकी सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात तेथील जंगलांवर एजंट ऑरेंज हे पर्णनाशक फवारले. त्या द्रव्याशी संपर्क आलेल्या सैनिकांचा मधुमेह २००१ पासून आणि उच्च रक्तदाब २०२२ च्या कायद्यापासून सैनिकी सेवेतून उद्भवलेला मानला जातो. हा सैनिक सोबत कागदी पिशवी घेऊन आला आहे. घरात असलेले प्रत्येक औषध घेऊन यावे, असे त्याला सांगितले होते. पिशवी टेबलावर रिकामी होते. डब्या बारा, पण डॉक्टरांच्या नोंदीत औषधे अकरा. बारावी डबी दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची आहे. गुडघ्यासाठी तो त्या दोन वर्षे रोज घेतो आहे. कोणी विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही.

आता फार्मासिस्ट तारखा जुळवू लागतो. या वेदनाशामकाने शरीरात पाणी व मीठ साठले आणि रक्तदाब वाढला. वाढलेल्या रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू झाले. त्याने घोट्यांना सूज आली. सुजेसाठी लघवी वाढविणारे औषध आले. त्याने रक्तातील पोटॅशियम उतरले, म्हणून पोटॅशियमची गोळी आली. प्रत्येक गोळी देणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि त्या त्या दिवशी त्याचा निर्णय चुकीचाही वाटला नसता. परंतु साखळीची पहिली कडी कोणाला दिसली नव्हती. शिवाय रक्तदाबाची विशिष्ट औषधे, लघवी वाढविणारे औषध आणि असे वेदनाशामक हे त्रिकूट एकत्र आले की मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो. फार्मासिस्ट पहिली कडी सोडवितो. गुडघ्यासाठी लावण्याचे औषध आणि व्यायाम सुचवितो, डॉक्टरांना कळवितो, दोन आठवड्यांनी रक्त तपासतो. मग उरलेल्या कड्या एकेक करून, धीमेपणाने उतरविता येतात.

त्याच बैठकीत दुसरा प्रश्न निघतो. हा सैनिक एकटा राहतो आणि इन्शुलिन घेतो. वृद्धाची साखर एकदम खाली गेली तर तो स्वयंपाकघरात कोसळू शकतो आणि हाक मारायला जवळ कोणी नसते. म्हणून त्याच्यासाठी साखरेचे उद्दिष्ट तरुण रुग्णापेक्षा सैल ठेवले जाते. आकडा सुंदर दिसावा यापेक्षा माणूस सुरक्षित राहावा, हा विवेक येथे चालतो.

सैनिकाचा स्वभावही फार्मासिस्टला ओळखावा लागतो. ज्याने आयुष्यभर आज्ञा पाळली, तो गोळीने चक्कर येत असली तरी तक्रार करीत नाही. सांगितले ते निमूट घेतो, अथवा निमूट बंद करतो. म्हणून कुशल फार्मासिस्ट ‘औषधे वेळेवर घेता ना?’ असे विचारीत नाही. त्याचे उत्तर ठरलेले असते. तो विचारतो, ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ मग शब्द फुटतात.

हे काम नेहमी औषधे कमी करण्याइतके सोपेही नसते. अफूवर्गीय वेदनाशामकांचा अतिरेक अमेरिकेत सर्वत्र झाला, तसा माजी सैनिकांतही झाला. २०१३ साली खात्याने त्याला आवर घालण्याचा उपक्रम हाती घेतला. पुढील दशकात ही औषधे घेणाऱ्या सैनिकांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि त्यात फार्मासिस्टांचा वाटा मोठा होता. तथापि २०२० साली याच सैनिकांच्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ही औषधे थांबविल्यानंतरच्या काळातही अतिमात्रेने किंवा आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणजे सुरू करणे जसे जबाबदारीचे, तसेच थांबविणेही. अमेरिकेत दरवर्षी सहा हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात. म्हणून मात्रा उतरविताना फार्मासिस्ट वारंवार दूरध्वनी करतो, मनात टोकाचे विचार येतात का हे स्पष्ट विचारतो आणि घरात गोळ्यांचा साठा होऊ देत नाही.

युद्धाच्या दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन हे रक्तदाबाचे जुने औषध वापरण्याची वाट याच खात्यातील संशोधकांनी रुळविली. अनेक सैनिकांना गुण आला. तरीही २०१८ साली खात्याने स्वतःच केलेल्या मोठ्या चाचणीत ते औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि तो निष्कर्ष न लपविता प्रसिद्ध झाला. तेव्हापासून फार्मासिस्टला प्रत्येक सैनिकापुरते तपासावे लागते: याला खरोखर उपयोग होतो आहे का?

या व्यवस्थेचे चित्र केवळ उजळ रंगवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१४ साली फिनिक्स येथील रुग्णालयात सैनिकांच्या प्रतीक्षायाद्या दडविल्या गेल्याचे उघड झाले आणि खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना पद सोडावे लागले. ते स्वतः व्हिएतनाममध्ये जखमी झालेले सैनिक होते. यंत्रणा मोठी झाली की माणूस आकड्यांत हरवतो. म्हणूनच अर्धा तास समोर बसून पिशवी उघडणाऱ्या माणसाचे मोल अधिक.

आपल्याकडे १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली. तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक देशभर आहेत. तेथे फार्मासिस्टही आहे, पण त्याचा दिवस प्रामुख्याने खिडकीवर औषधे देण्यात जातो. औषधशास्त्रातील सहा वर्षांचा फार्म. डी. हा अभ्यासक्रम आपल्या देशात २००८ पासून आहे आणि रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य असल्याचे २०१५ च्या नियमांत नमूद आहे. शिक्षण आहे, नियम आहे. उणीव आहे ती खिडकीऐवजी खुर्चीची. अमेरिकेची व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. आपल्या फार्मासिस्टला औषधे लिहून देण्याचा अधिकार नाही. पण पिशवी उघडून पाहण्यास, तारखा जुळविण्यास आणि डॉक्टरांना सावध करण्यास कोणाची आडकाठी असणार?

तोवर बरेच काही घरच्या माणसांच्या हाती आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील गावागावांत निवृत्त सुभेदार आणि हवालदार आहेत. त्यांच्या उशाशी कोणत्या गोळ्या आहेत, हे घरातील किती जणांना ठाऊक आहे? एका रविवारी मुलाने किंवा सुनेने त्यांच्यापाशी बसावे. दुकानातून आणलेल्या गोळ्या, काढे, भस्मे यांसह सारी औषधे एका पिशवीत भरावीत. कोणते औषध केव्हापासून आणि कशासाठी, हे कागदावर लिहावे. मनाने एकही औषध बंद करू नये. ती पिशवी आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे व विचारावे, यांतले आता कोणते खरोखर लागते?

सैनिक स्वतः हे विचारणार नाही. त्याला मागण्याची सवय नसते. तो पहारा देत उभा होता तेव्हा देश निर्धास्त झोपला होता. आता त्याच्या उतारवयात त्याच्या औषधांवर कोणीतरी पहारा द्यायचा आहे. हे काम कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे आणि त्याचा प्रारंभ उद्याच करता येईल.