दाब, विसावा आणि कूर्चा



आमच्या महाळुंगे-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर उभे राहणारी माणसे गुडघ्याविषयी बोलू लागली म्हणजे दोन मते ऐकू येतात. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस म्हणतो, खाटेवरून हलूच नये. दुसरे मत एका अधिकाऱ्याचे. कामगारांस स्टूल द्या असे आम्ही म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "उभे राहिल्याने पाय मजबूत होतात." या दोघांसही प्रयोगशाळेने काही सांगून ठेवले आहे, म्हणून मी डॉक्टर नसताही हा विषय घेतला.

हाडाच्या टोकावर जो गुळगुळीत, पांढरा, चिवट थर असतो तो कूर्चेचा. मटणाच्या नळीच्या टोकाशी तो आपण पाहिला असेल. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. बहुतेक सारे पाणी. पेशी शंभरात पाच भागही नसतात. म्हणजे कामगार मोजके आणि माल फार! रक्तच नसल्यामुळे ही झीज सहसा भरून येत नाही. म्हणून रोग्याच्याच कूर्चापेशी बाहेर वाढवून गुडघ्यात परत घालण्याचा उपचार निघाला. स्वीडनच्या डॉक्टरांनी त्याचा वृत्तान्त १९९४ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे लोणावळ्यास प्रयोगशाळा असलेल्या एका कंपनीस अशा उपचाराची परवानगी २०१७ साली मिळाली.

पण पेशी वाढविणे निराळे आणि भार सोसणारी कूर्चा घडविणे निराळे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८९ साली वासराच्या कूर्चेच्या चकत्या दाबून पाहिल्या. दाब सतत ठेवला तेव्हा पेशींचे काम मंदावले. तो लयीने दिला आणि काढला तेव्हा वाढले. पुढे २००० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मंडळींनी समुद्रशेवाळापासून काढलेल्या जेलीत पेशी रुजविल्या आणि ते तुकडे सेकंदास एकदा, म्हणजे जवळजवळ चालत्या पावलाच्या तालाने, जाडीच्या दहा टक्के इतके दाबले. एक तास दाब, एक तास विसावा, असे दिवसातून तीनदा. आणि आठवड्यास पाच दिवस. (पाच दिवसांचा आठवडा आमच्या कंत्राटी कामगारासही ठाऊक नाही.) चार आठवड्यांनी हे तुकडे न दाबलेल्यांच्या सहापट ताठ निघाले.

हे घडते कसे? दाबाने पाणी पिळून निघते, दाब सुटताच परत शोषले जाते. पेशीचा आकार बदलतो, तिच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात आणि नवा माल करण्याचा निरोप आत पोचतो. दाबाने उघडणाऱ्या अशा दारांच्या शोधाबद्दल आर्डेम पॅटापूटियन यांस २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दाब हललाच नाही तर पिळलेले पाणी परत येत नाही.

आणि भार मुळीच नसला तर? १९९६-९७ मध्ये वाढत्या कूर्चेचे तुकडे रशियाच्या मीर अंतराळस्थानकावर चार महिने ठेविले होते. पृथ्वीवर राहिलेले त्यांचे जोडीदार तुकडे तिपटीने ताठ भरले. खाटेवरच्या मित्रास मी हे आवर्जून सांगतो.

आणखी एक गोष्ट उमेदवार कामगारांना पटेल. कोलंबियाच्याच मंडळींनी २००७ साली दाखविले की, पहिले दोन आठवडे वाढीचे द्रव्य देऊन मग दाबावयास घेतलेले तुकडे पहिल्या दिवसापासून दाबलेल्यांपेक्षा सरस होतात.

बशीतल्या पेशींवरून माणसाच्या शिफ्टचा हिशेब मांडता येत नाही, हे मी जाणतो. परंतु "उभे राहिल्याने पाय मजबूत होतात" या बोलण्यास या प्रयोगांतून आधार मिळत नाही. उभ्याने काम करणाऱ्यास, संधी मिळेल तेव्हा टेकता यावे, म्हणून बसावयाची सोय करावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिले होते. ते लिहिणाऱ्यांपुढे यातला एकही प्रयोग नव्हता.

गुडघ्यात पेशी घातल्यावरही हाच क्रम असतो. आधी कुबडी, मग थोडा भार, मग अधिक. यात कित्येक आठवडे जातात. तितक्या आठवड्यांची पगारी रजा कंत्राटी कामगारास कोण देणार? स्टुलाच्या खालोखाल हे कलम आम्ही यंदाच्या मागणीपत्रात घातले आहे.