निरोप आणि त्याची पोच



१८५७ साली लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांपुढे धान्याइतकाच बिकट प्रश्न निरोपाचा होता. सभोवती बेगम हजरत महल यांच्या पक्षाचा वेढा होता. अंगद नावाचा एक निवृत्त शिपाई पिसाच्या पोकळ नळीत चिठ्ठी दडवून ये-जा करी. ती पकडली गेली तरी कोणास वाचता येऊ नये म्हणून काही मजकूर ग्रीक अक्षरांत लिहीत. अंगद एकदा बाहेर पडला की आतल्यांच्या हाती केवळ वाट पाहणे उरे. २२ सप्टेंबरच्या रात्री तो परतला, तेव्हा कुठे कळले की मदत जवळ आली आहे.

पुढे सुमारे चार मैलांवरील आलमबाग इंग्रजांच्या हाती आली आणि रेसिडेन्सीच्या छपरावर खुणांचा खांब उभारण्यात आला. त्याची रचना एका ज्ञानकोशातील वर्णनावरून केलेली होती. पण खांब दिसला म्हणजे निरोप कळला असे होत नाही. कोणती खूण म्हणजे कोणते अक्षर आणि शब्द कोठे संपला, हे दोन्ही टोकांनी आधी ठरवून घ्यावे लागते.

संगणकाचा सॉकेट नेमका येथेच फसवतो. सॉकेट म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्यासाठी उघडलेले दार. आज सर्वत्र रूढ असलेली त्याची घडण १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून प्रसृत झाली. टीसीपीच्या नियमाने जोडलेल्या दोन सॉकेटांमधून बाइट क्रमाने वाहतात, नळातील पाण्यासारखे. एक निरोप संपून दुसरा कोठे सुरू झाला, याची खूण त्या प्रवाहात नसते. एका दमात पाठविलेला निरोप पलीकडे दोन तुकड्यांत मिळू शकतो, किंवा दोन निरोप एकमेकांस चिकटून येतात. नवशिक्याचा प्रोग्राम घरच्या संगणकावर बिनचूक चालतो आणि खऱ्या जाळ्यावर अडखळतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

ही उणीव भरून काढणाऱ्या लायब्रऱ्यांपैकी झीरोएमक्यू ही विशेष नावाजलेली. पीटर हिन्टजेन्स आणि मार्टिन सुस्त्रिक ही तिच्याशी निगडित मुख्य नावे. ती प्रत्येक निरोपासोबत त्याची लांबी कळविते. त्यामुळे निरोप मिळाला तर सबंध मिळतो, अर्धा कधीच नाही. जोडणी तुटल्यास ती स्वतः पुन्हा जोडू पाहते. मात्र लायब्ररीने ‘पाठविले’ असे सांगितले, की त्याचा अर्थ टपालपेटीत पत्र पडले एवढाच घ्यावा. पत्र हाती पडल्याची पोच वेगळी मागावी लागते.

९ नोव्हेंबर १८५७ च्या रात्री कॅव्हानॉ नावाचा कारकून वेषांतर करून, गोमती ओलांडून बाहेर पडला. वाट दाखविणारा कनौजीलाल त्याच्यासोबत होता. (कॅव्हानॉस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कनौजीलालचे नाव आज किती जणांस ठाऊक आहे?) तो सुखरूप पोचल्यास आलमबागेवर निशाण चढवावे असे ठरले होते. निशाण चढले. पण ते रेसिडेन्सीतून दिसले, हे निशाण चढविणाऱ्यास कसे कळावे? त्याची पोच हवी, आणि मग त्या पोचेचीही पोच हवी. वाटेत निरोप हरवू शकत असेल तर ही साखळी कधीच पुरी होत नाही, हे संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली मांडले. पुढे ते ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

व्यवहारात यावर तोड अशी काढतात की, ठरावीक वेळेत पोच न आल्यास तोच निरोप पुन्हा धाडावा. पण पहिला निरोप पोचला असेल आणि केवळ पोच हरवली असेल, तर? पाल्याची फी भरताना पडदा गोठला आणि पालकांनी पुन्हा बटण दाबले, तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती येथूनच उद्भवते. म्हणून प्रत्येक निरोपास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर घेणाऱ्याने काम पुन्हा करू नये, पोच मात्र पुन्हा द्यावी. हा क्रमांक कोणतीही लायब्ररी आपणहून उमजून देत नाही. व्यवहार एकच आहे की दोन, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.