मॅकोंडोची आगगाडी कुणी गाळली?

हे व्यासपीठ अध्यक्षाच्या वाट्याला एकदाच येतं, म्हणून आज भीडभाड नको. आपल्याकडे गॅब्रिएल गार्सिया मार्केझवर बोलायचं म्हणजे पिवळी फुलपाखरं आणि चादरींसकट आकाशात गेलेली रेमेडियोस. 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या १९६७च्या कादंबरीतल्या मॅकोंडो गावची, प्रेतांनी खच्चून भरलेली आगगाडी मात्र आमचे पंडित खुशाल गाळतात. ही नजरचूक नव्हे, लबाडी आहे.

ती आगगाडी हवेतून आलेली नाही. कोलंबियातल्या सिएनागा गावी डिसेंबर १९२८मध्ये युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीच्या केळीबागांतले संपकरी मजूर स्टेशनजवळच्या चौकात जमले होते. त्यांना हवा होता सहा दिवसांचा आठवडा, लेखी करार आणि रोख मजुरी; कारण कंपनी मजुरीपोटी चिठ्ठ्या द्यायची आणि त्या तिच्याच दुकानात चालायच्या. लष्कराने गोळ्या घातल्या. त्या फौजेचे प्रमुख जनरल कोर्तेस वार्गास यांनी ४७ मृत्यू कबूल केले. जानेवारी १९२९मध्ये अमेरिकी वकिलातीने कंपनीच्या प्रतिनिधीच्या हवाल्याने हजारावर आकडा कळवला. मार्केझने तीन हजार लिहिले. अतिशयोक्ती म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढंच सांगावं, ४७चा हिशेब कुणाचा? फौजेला हुकूम देणाऱ्याचाच ना?

मॅकोंडोतला सर्वांत मोठा चमत्कार तर कंपनीच्या वकिलांनी केला आहे. मजूर कोर्टात जातात आणि निकाल लागतो की असे मजूर अस्तित्वातच नाहीत! खऱ्या कंपनीची भूमिका याहून वेगळी नव्हती: माणसं ठेकेदारांची, आमच्याकडे कामगारच नाहीत. प्रस्तुत अध्यक्ष बीड जिल्ह्यातला. दिवाळी सरली की गावातली बिऱ्हाडं ऊसतोडीला निघायची. उचल मुकादमाकडून घेतलेली, कोयता नवरा-बायकोचा, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर दोघांपैकी कुणाचंच नाव नाही. ज्याने हे पाहिलंय, त्याला कादंबरीतला तो निकाल जादूचा वाटत नाही.

हेच एका चर्चासत्रात मांडताना तरुणपणी अध्यक्षापुढे चिठ्ठी सरकवण्यात आली: राजकारण नको, सौंदर्यावर बोला. चिठ्ठी पाठवणारे आज वासाहतिकतेवर बीजभाषणं देत फिरतात. त्यांनी तो निकालाचा प्रसंग एकदा तरी नीट वाचावा. कंपनी मॅकोंडोत येते ती रेल्वेमागोमाग. ती गेल्यावर पाऊस, पडझड आणि विस्मरण उरतं. पुढे तर शाळेच्या पुस्तकांतही अशी कंपनी कधी नव्हतीच असं छापलं जातं. वसाहतवादाची याहून नेमकी नोंद कुठल्या प्रबंधात आहे?

गाळलेली ही आगगाडी मराठीत परत आणण्याच्या कामी इथल्या तरुण अनुवादकांवर भरवसा आहे. कोलंबियाचे खासदार होर्हे एलिएसेर गाइतान यांनी १९२९ साली केळीबागांच्या त्या भागात जाऊन गोळीबाराच्या साक्षी गोळा केल्या आणि संसदेत सरकारला धारेवर धरलं. ती भाषणं थेट स्पॅनिशमधून मराठीत यावीत. अध्यक्षाचं मानधन त्या पुस्तकाच्या छपाईसाठी संयोजकांकडे जमा केलं आहे.