पिंपाला तोटी बसवताना

स्टेनलेस स्टील आपल्या स्वयंपाकघरात इतके मुरले आहे की ते मुळात लोखंड आहे याचा विसर पडतो. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलेला डबा असो की रुखवतातले पिंप, त्याला ना गंज ना कल्हई. हा गुण क्रोमियमचा. लोखंडात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेले की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि ओरखडा पडला तरी हवा लागून पुन्हा जमतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद वितळवले तेव्हा त्यांच्या डोक्यात बंदुकीच्या नळ्या होत्या. पुढे त्याचे काटे-चमचे झाले, आणि आपल्याकडे ताट, वाटी, तांब्या.

या धातूला घरच्या घरी मोठे भोक पाडायची वेळ आली की मात्र तो आपले दुसरे रूप दाखवतो.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. खांदा आखडल्यामुळे त्यांचा हात वर जात नाही. पिण्याच्या पाण्याचे पिंप चांगले कमरेइतके उंच; सकाळी भरलेले असते तोवर ठीक, पण दुपारी पाणी खाली गेले की ओगराळे बुडवायला वाकावे लागते. घरातली सगळी कामाला गेलेली. आजींनी त्यावर तोड काढली होती, ती म्हणजे दुपारी पाणीच कमी प्यायचे! डॉक्टर त्यावरून रागावले. मुलगा म्हणाला, तोटीचे नवीन पिंप आणू. आजी ऐकेनात. या पिंपावर त्यांच्या यजमानांचे नाव आणि १९७१ साल कोरलेले आहे. मला बोलावून म्हणाल्या, "अरे, भोक पाड हवे तर, पण नावाला धक्का लागता कामा नये. आणि पिंप फुकट घालवू नकोस." पत्र्याला पडलेले भोक मागे घेता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

आधी मापाचे बोलू. बाजारात मिळते ती अर्धा इंची तोटी. म्हणून कुणी अर्ध्या इंचाचे, म्हणजे पावणेतेरा मिलिमीटरचे भोक पाडले तर तोटी आत जाणारच नाही. अर्धा इंच हे जुन्या काळच्या नळाच्या आतल्या पोकळीचे नाव. बाहेरच्या आट्यांचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. तेव्हा भोक हवे २२ मिलिमीटरचे. विकत घेतलेल्या तोटीलाच पट्टी लावून पाहावी, नावावर विसंबू नये.

आता पत्रा. चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. या जातीला एक खोड आहे. हत्यार कापत न जाता नुसते घासत राहिले, की त्याखालचा धातू दाबाने कडक होतो. आपण जितके घासू तितका तो कडक, आणि कडक झाला की हत्यार आणखी घासते. त्यात हे स्टील उष्णता फारशी वाहून नेत नाही. साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे तापते ती ड्रिलची धार. मशीन किंचाळते, धूर येतो, ड्रिल निळे पडते आणि पत्र्यावर एक चकचकीत खळगा उरतो. बहुतेक जण इथे वेग वाढवतात. करायचे नेमके उलट असते: फेरे कमी, दाब जास्त, आणि तेल.

किती कमी? २२ मिलिमीटरच्या भोकाचा परीघ जवळजवळ ७० मिलिमीटर. धारेने मिनिटाला दहा मीटरच्या आसपासच पळावे असे धरले तर फेरे येतात दीडशेच्या घरात. घरगुती ड्रिल मशीन पूर्ण दाबले तर अडीच हजारांच्याही पुढे जाते. म्हणजे खटका अगदी हलका, फेरे डोळ्यांना जाणवतील इतका.

साधे मोठे ड्रिल पातळ पत्र्याला चालत नाही. ते पत्रा ओढते आणि भोक गोल न होता तिकोनी होते. यासाठी शंकूच्या आकाराचे, पायऱ्यापायऱ्यांचे स्टेप ड्रिल मिळते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत विचारा. ४ ते ३२ मिलिमीटरचे घेतले तर त्यात २२ ची पायरी असते का, तेवढे पाहून घ्या. त्याच्या सोनेरी रंगाला भुलू नका. तो वरचा मुलामा असतो. स्टीलसाठी कोबाल्ट मिसळलेले असेल तर ते अधिक टिकते.

आजींचे पिंप आम्ही गोणपाटावर आडवे केले, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. कोरलेले नाव वरच्या काठाशी होते, त्यावर जाड कापड बांधले. तोटीची जागा तळापासून तीन बोटे वर धरली. त्याहून खाली पत्रा वळतो, तिथे वॉशर बसत नाही, शिवाय तळाचा गाळ तोटीत येतो. चिकटपट्टी लावून त्यावर खूण केली, सेंटर पंचाने बारीक खळगा केला, आधी ४ मिलिमीटरचे भोक, मग स्टेप ड्रिल. प्रत्येक पायरीला कटिंग ऑइलचे दोन थेंब. धातूची सलग तार निघत असेल तर धार कापते आहे. भुकटी निघाली तर थांबावे. मधे दम घ्यायचा तर ड्रिल उचलावे, जागेवर फिरत ठेवू नये. २२ ची पायरी पार झाली की लगेच सोडावे. यासाठी त्या पायरीवर मार्करची रेघ आधीच मारलेली बरी.

डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे मात्र मशीन चालू असताना घालू नयेत, ते ड्रिलमध्ये गुंडाळले जातात. आणि मदत म्हणून कुणी पिंपात हात घालून पत्रा धरू नये; ड्रिलचे टोक आत बरेच उतरते.

स्वयंपाकघरातल्या सिंकच्या नळाला सहसा ३५ मिलिमीटरचे भोक लागते. तिथे दात्यांचे होल सॉ वापरावे, खाली लाकडी ठोकळा धरावा, फेरे शंभरापर्यंत उतरवावेत. यातले काहीच हाताशी नसेल तर लोहाराची जुनी रीत आहेच: वर्तुळाच्या आतून ओळीने बारीक भोके, मधल्या भिंती छिन्नीने तोडायच्या आणि अर्धगोल कानशीने घासत रेघेपर्यंत यायचे. एक अख्खी दुपार जाते. ग्राइंडर मात्र नको. तापून पिवळानिळा झालेला पत्रा गंज लवकर धरतो.

भोकाची कड दोन्ही बाजूंनी कानशीने मारावी. ही कानस लोखंडावर वापरलेली नको, नाहीतर लोखंडाचे कण स्टीलवर बसून गंजतात आणि दोष पिंपाला जातो. या स्टीलचा कीस चुंबकाने भरवशाने उचलला जात नाही. कणकेचा ओला गोळा फिरवला की निघतो. मग गरम पाणी आणि साबण, तेलाचा वास जाईपर्यंत.

पिंप गोल असल्यामुळे वॉशरच्या रुंदीत पत्रा अर्धा-पाऊण मिलिमीटर वळलेला असतो. म्हणून आत आणि बाहेर दोन्हीकडे जाड, मऊ वॉशर घ्यावेत, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉनचे. आतून नट हातानेच घट्ट करावा, मग पान्याने थोडासा. पिंप भरून तोटीखाली वर्तमानपत्राचा कागद रात्रभर ठेवावा. सकाळी ओला दिसला तर नट पाव फेरा आणखी. तिवई अशा उंचीची बघावी की तोटीखाली तांब्या सरळ उभा राहील.