न दिसणारी जखम : मैदानावरील डोक्याचा मार आणि मुलांचे मन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली मुले आज क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, स्केटिंग असे नाना खेळ खेळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. खेळताना हात मोडला तर आपण तत्काळ प्लास्टर घालून आणतो. परंतु डोके आपटले, थोडे टेंगूळ आले आणि मूल उठून उभे राहिले, की ‘मुका मार आहे, काही होत नाही’ असे म्हणून तोंडावर पाणी मारतो आणि पुन्हा मैदानात पाठवतो. याच मुक्या माराविषयी आज बोलायचे आहे. वैद्यकीय भाषेत त्याला ‘कन्कशन’ म्हणतात. मराठीत आपण ‘मेंदूला बसलेला हादरा’ म्हणू.

मेंदू हा कवटीच्या आत द्रवामध्ये तरंगणारा अतिशय मऊ अवयव आहे. डोके जोराने आपटले किंवा मानेला झटका बसून ते वेगाने फिरले, की आतील मेंदूही हेलकावतो आणि त्याचे नाजूक तंतू ताणले जातात. पेशींमधील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि हा बिघडलेला समतोल सावरण्यासाठी मेंदूला एकाएकी पुष्कळ ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मात्र कमी झालेला असू शकतो. म्हणजे खर्च वाढलेला आणि आवक घटलेली, अशी ही स्थिती असते. व्यापारी समाजाला याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. हा बिघाड रचनेपेक्षा कार्याचा असल्यामुळे सी.टी. स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. तसेच शुद्ध हरपली तरच मार गंभीर, हा समजही चुकीचा आहे. कन्कशन झालेल्या बहुतेक खेळाडूंची शुद्ध मुळीच हरपत नाही.

मग ओळखायचे कसे? डोके दुखणे, भोवळ येणे, मळमळणे, उजेड व आवाज सहन न होणे ही शारीरिक लक्षणे झाली. बौद्धिक लक्षणे याहून फसवी असतात. मूल म्हणते, ‘डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते.’ प्रश्न विचारला तर उत्तर उशिरा येते. एक परिच्छेद तीनदा वाचूनही लक्षात राहत नाही. फळ्यावरचे पाहून वहीत उतरवणे, तोंडी हिशेब करणे, एकाच वेळी ऐकणे आणि लिहिणे, या साध्या गोष्टी त्याला थकवतात. लक्ष, विचारांचा वेग आणि नव्या गोष्टींची स्मृती या तीन शक्ती काही काळ मंदावलेल्या असतात. घरात मात्र बोलले जाते, ‘खेळापायी अभ्यासातले लक्ष उडाले.’

मनावरचे परिणामही तितकेच खरे आहेत. चिडचिड, विनाकारण रडू येणे, उदासी, अस्वस्थता, झोप बिघडणे, हे सारे त्या हादऱ्याचाच भाग असू शकते. त्यात परिस्थितीची भर पडते. संघ सरावाला जातो आणि हा घरी बसतो. अंगावर पट्टी नाही, पायात प्लास्टर नाही. त्यामुळे मित्र म्हणतात, ‘नाटक करतोय.’ ज्या खेळामुळे त्याला ओळख मिळाली होती, तीच ओळख निसटू लागल्याची भीती वाटते. ज्या मुलांना आधीपासून चिंता किंवा नैराश्याचा त्रास असतो, त्यांची लक्षणे अधिक काळ रेंगाळण्याचा संभव असतो. ऑस्ट्रेलियाचा गुणवान फलंदाज विल पुकोव्हस्की याला वारंवार डोक्याला मार बसले. मानसिक स्वास्थ्यासाठीही त्याला खेळातून विश्रांती घ्यावी लागली होती आणि अखेर २०२५ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याला क्रिकेट सोडावे लागले.

याहून दुःखद कथा कॅनडातील ओटावा शहरातील आहे. रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये एका आठवड्याच्या आत ती तीन सामने खेळली. आधीच्या सामन्यांत डोक्याला मार बसल्यावर तिला त्रास होत होता. कन्कशन झाले असावे, अशी शंका तिने मैत्रिणींना संदेशातून कळवली होती आणि इंटरनेटवर त्याची माहितीही शोधली होती. पण आई-वडिलांना किंवा प्रशिक्षकांना ती काही बोलली नाही. तिसऱ्या सामन्यात ती पुन्हा डोक्यावर पडली आणि काही दिवसांतच, मातृदिनी, तिने जगाचा निरोप घेतला. पहिल्या माराची जखम भरण्यापूर्वी दुसरा मार बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला अतिशय वेगाने सूज येते, आणि हा धोका कोवळ्या वयातच अधिक दिसतो. रोवनच्या आई-वडिलांनी आपले दुःख समाजकार्यात गुंतवले आणि २०१८ मध्ये ओंटारिओ प्रांताने तिच्या नावाचा कायदा केला.

अमेरिकेत २००६ मध्ये झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा डोके आपटल्यानंतर थोड्याच वेळात पुन्हा मैदानात उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. तो वाचला, पण पहिला शब्द उच्चारण्यास त्याला नऊ महिने लागले. त्याच्या नावाचा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला. शंका आली की मुलाला खेळातून बाहेर काढायचे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत पाठवायचे नाही, हे त्याचे सार आहे. पुढे अमेरिकेच्या सर्व राज्यांनी असे कायदे केले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटनेही २०१९ मध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडूची तरतूद केली. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल उतरला, तो याच नियमाने.

वेळीच थांबल्याने काय लाभ होतो? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६९ तरुण खेळाडू होते. मार बसताच जे बाहेर आले, त्यांना बरे होण्यास सरासरी सुमारे २२ दिवस लागले. जे तसेच खेळत राहिले, त्यांना सुमारे ४४ दिवस. अर्धा तासाचा हट्ट आणि त्याची किंमत तीन आठवडे!

पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डोक्याला मार बसून एकही लक्षण दिसले, तर त्या दिवशी खेळ बंद करून डॉक्टरांना दाखवावे. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, गुंगी, हातापायांतील अशक्तपणा, मानदुखी किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, असे काही आढळल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती द्यावी आणि मोबाईल, टी.व्ही. कमी करावा. मात्र अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. त्रास फारसा वाढत नसेल, तर हलके चालणे फिरणे उपकारकच ठरते. शाळा आधी, मैदान नंतर. शिक्षकांना विश्वासात घेऊन काही दिवस गृहपाठ कमी करून घ्यावा, परीक्षेसाठी सवलत मागावी. त्यानंतर हलका व्यायाम, एकट्याचा सराव, संघाबरोबर टक्कर टाळून सराव, आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच पूर्ण सराव व सामना, अशा पायऱ्यांनी परतावे. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा.

या सर्वांतून घाबरून जाऊन मुलांचे खेळ बंद करू नका. योग्य काळजी घेतल्यास बहुसंख्य मुले साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होतात. उदासी वा विसराळूपणा त्यापुढेही टिकला, तर मेंदुविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घेण्यात संकोच बाळगू नये.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. रोवनला आपल्याला काय झाले असावे, याची कल्पना होती. ते मोठ्या माणसांपर्यंत पोहोचले नाही. डोक्याला मार लागला तर घरी सांगा. मित्राला लागला आणि तो लपवत असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही सांगा. ती चहाडी ठरत नाही. आणि पालकहो, मूल सांगायला येईल तेव्हा पहिला प्रश्न ‘आता सामन्याचे काय?’ असा नसावा. तो ‘बाळा, तुला कसे वाटते आहे?’ असा असावा. असे विचारणारे घर असेल, तर मूल लपवणार नाही.